जयवंताताईंचा डबा

जून लागला की आमच्या जिन्यात चपला वाढतात. तिसऱ्या मजल्यावर, जयवंताताई रामटेके यांच्या दारासमोर. मुलींच्या पट्ट्यांच्या सँडल, आयांच्या झिजलेल्या स्लिपर, गावाकडून आलेल्या वडिलांचे धुळीने माखलेले जोडे. पोळा येईपर्यंत मात्र त्या दारासमोर एकच जोडी उरते. काळी, रबरी तळव्याची, टाचेकडून झिजलेली. ती ताईंची.

मी त्यांच्याच खालच्या घरात राहते, दुसऱ्या मजल्यावर. नागपूरच्या बेसा रोडवरच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघी एकाच वर्षी आलो. वरच्या घरातले आवाज मला न ऐकताही ऐकू येतात. जून-जुलैत खुर्च्या सरकतात, पोरी हसतात, कुणाची तरी आई मध्येच रडते, मिक्सर फिरतो. ऑगस्टनंतर फक्त सकाळी एकदा कुकर बोलतो. एका माणसाच्या वरणभाताला शिट्ट्या लागतात तेवढ्याच लागतात, पण त्या एकट्या शिट्ट्या मला खाली स्वयंपाक करताना फार लांबून आल्यासारख्या वाटतात.

ताईंनी एकतीस वर्षं शहरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या ऑफिसात काढली, प्रवेशाच्या खिडकीमागे. लग्न केलं नाही. का, असं मी एकदाच विचारलं होतं. "राहून गेलं वं," असं त्या म्हणाल्या, बाजारातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायचा राहून जावा तसं. धाकट्या भावाला शिकवलं, त्याचं घर मांडून दिलं. तो आता चंद्रपूरला असतो आणि रविवारी फोन करतो. रिटायर झाल्यावर ताईंना वाटलं होतं, सकाळी उठायची घाई संपेल. घाई संपली. पण सकाळी पोळी-भाजी करून स्टीलच्या डब्यात भरायची सवय काही गेली नाही. आजही त्या डबा भरतात, ओट्यावर ठेवतात आणि दुपारी दीडला, ऑफिसची मधली सुट्टी व्हायची त्या वेळेला, घरातल्या घरात तो उघडून जेवतात. "ताटात वाढून घेतलं तर जेवल्यासारखं नाही वाटत," म्हणतात.

मुली येऊ लागल्या त्या अशाच. आधी ऑफिसातल्या शिपायाची भाची आली, मग तिच्या मैत्रिणी, मग कुही, पारशिवनीकडच्या खेड्यांतून ओळखीच्या ओळखीने. कोणतं कॉलेज घ्यावं, एवढंच विचारायला.

"बाई, एक नंबरचं कॉलेज सांगा," असं बाप म्हणाला की ताई चष्म्यावरून बघतात.

"एक नंबरचं पायजे का तुह्या पोरीचं पायजे?"

मग त्यांचे प्रश्न सुरू होतात. शेवटची बस किती वाजता? बस चुकली तर कोणाकडे जाशील? वर्गात प्रश्न विचारते का, का घरी येऊन पुस्तकात शोधते? कॉलेजच्या बाथरूमची कडी लागते का, हे स्वतः जाऊन पाहून ये. आणि सगळ्यात शेवटी डबा.

डब्याचं असं आहे. ताईंच्या ऑफिसच्या खिडकीतून कॉलेजचं पटांगण दिसायचं. मधल्या सुट्टीत पोरी कडुलिंबाखाली बसून डबे उघडायच्या. पण दर वर्षी चार-दोन पोरी उघडायच्या नाहीत. कुणी सायकल स्टँडमागे उभी राहायची, कुणी लायब्ररीत पुस्तक उघडं ठेवून बसायची, कुणी नुसतीच पाणी प्यायच्या नळापाशी घुटमळायची. दिवाळीनंतर त्याच पोरी ताईंच्या खिडकीशी यायच्या, कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला. कारणाच्या रकान्यात "घरगुती अडचण" लिहायच्या. पहिली दहा वर्षं ताईंना त्याचं काही वाटलं नाही. मग त्या मोजायला लागल्या. मधल्या सुट्टीत डबा न उघडणारी पोरगी दाखला न्यायला येतेच, हे त्यांना इतकं पाठ झालं की खिडकीशी आलेल्या पोरीचं नावही विचारावं लागत नसे.

म्हणून ताई आता मुलीला आधीच कॉलेजात पाठवतात. वरच्या वर्गांची कॉलेजं सुरू झालेली असतात. मधल्या सुट्टीच्या वेळी मुलीने एकटीने आत जायचं, फोन ताईंकडे ठेवायचा, कुठेही बसून डबा खायचा आणि यायचं. ताई गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहतात. डबा त्या स्वतः करून देतात. दोन पोळ्या, भाजी आणि एक तळलेली मिरची. परत आलेला डबा त्या उघडून असा वाचतात की जणू मार्कशीट. भाजी संपली पण पोळी उरली, म्हणजे घाईने खाल्लं. पोळीचे तुकडे तसेच, म्हणजे घास तोंडात फिरला. मिरचीचा देठ कोपऱ्यात नीट ठेवलेला असला की ताई खूश. "इथं ही पोट्टी टिकते," म्हणतात. भरलेला डबा परत आला की ते कॉलेज यादीतून खोडलं, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

आता दीक्षाची गोष्ट सांगते. मागच्या वर्षीची.

दीक्षा मेश्राम कुहीजवळच्या, ताईंच्याच गावची. तिचा बाप अंकुश ताईंना बाई म्हणतो, सख्ख्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. जूनच्या शेवटी तो तिला घेऊन आला तेव्हा मी वरच होते, ताईंच्या पंख्याखाली गवार मोडत.

"जय भीम, बाई."

"जय भीम. ये गा अंकुश. धानाचे पऱ्हे टाकले का?"

"टाकले जी. आता पाण्याची वाट." त्याने मुलीला पुढे केलं. "ही माही दीक्षा. बारावी सायन्सले अठ्ठ्याहत्तर टक्के. आता तुमच्या हवाली."

"माह्या हवाली कायले करून राहिला? गॅसचं सिलेंडर आहे का ते?"

दीक्षा हसली नाही. मुलगी सावळी, बारीक, हाताची बोटं सतत काहीतरी करणारी. अंकुशचं सगळं ठरलेलं होतं. नागपूरचं नावाजलेलं कॉलेज, बीएस्सी, आणि राहायला बाईंकडे. तीन वर्षं. "तुमाले सोबत होईल, पोरीले घर होईल. होस्टेलची भानगडच नाही."

ताई उठून पाणी आणायला गेल्या. पाणी टेबलावर आधीच होतं.

दीक्षाच्या पिशवीतून एक वही डोकावत होती. मी सहज उघडली. मागच्या पानांवर पेन्सिलने काढलेले किडे. धानावरचा तुडतुडा, खोडकिडा, लष्करी अळी, एकेक पाय, पंखांची एकेक शीर. आगपेटीत किडा ठेवून ती चित्रं काढायची, असं बापाने सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात.

मला राहवलं नाही. मी मूळची वर्ध्याची, माझं बीएस्सी तिथल्याच एका लहानशा मुलींच्या कॉलेजात झालं. मी म्हटलं, "आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गात पंचवीस मुली होत्या. प्रत्येकीपुढे एक सूक्ष्मदर्शक. माझी भाची आता तिथे आहे, अजूनही तसंच आहे म्हणते."

दीक्षाची बोटं थांबली. "एकीले एक?"

"एकीला एक."

"वर्धेले कोण आहे आपलं?" अंकुश म्हणाला. विषय तिथेच संपला असता, पण ताईंनी नियमाप्रमाणे दोन्ही कॉलेजांचे फॉर्म भरायला लावले. "आधी इथलं तर पाहू," म्हणाल्या. अंकुश गावी गेला, दीक्षा ताईंकडे राहिली.

दुसऱ्याच दिवसापासून वर हातोडी वाजू लागली. ताईंच्या मागच्या खोलीत आजवर गाद्या, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांची ट्रंक आणि एक बंद पडलेला कूलर होता. तो कूलर भंगारवाल्याने नेला. खिडकीला डासांची जाळी बसली. सुतार टेबल देऊन गेला. ताईंनी मला वर बोलावून दोन पडद्यांची कापडं दाखवली, एक निळं, एक पिवळं.

"कोणतं घेऊ वं मेघा? आजकालच्या पोरींना काय आवडते?"

"दीक्षालाच विचारा ना."

"विचारलं. म्हणते, काहीही चालते आत्या." त्यांनी दोन्ही कापडं उजेडात धरली. "निळंच घेते. पिवळ्यावर डाग दिसते."

मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण त्यांना एखाद्या गोष्टीसाठी एवढं घुटमळताना पहिल्यांदा पाहिलं. त्या आठवड्यात कुकरच्या शिट्ट्या वाढल्या. संध्याकाळी दोघींचा बोलण्याचा आवाज यायचा, म्हणजे ताईंचाच जास्त.

नागपूरच्या कॉलेजची यादी लागली, दीक्षाचं नाव पहिल्याच यादीत होतं. प्रवेश नक्की करायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. सोमवारी ताई तिला डबा देऊन घेऊन निघाल्या. मला सीताबर्डीत काम होतं, म्हणून मीही बरोबर. मानेवाड्यापर्यंत ऑटो, पुढे बस. बसमध्ये ताई दीक्षाला एकेक थांबा दाखवत होत्या. "इथून चढली तर बसाले जागा भेटते. इथं उतरायचं नाही, इथं भल्ली गर्दी राहते." तीन वर्षांचा रस्ता त्या तिला पाठ करून देत होत्या.

गेटबाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. दीक्षा आत गेली. कॉलेज भलंमोठं, पोरांच्या गाड्यांची रांगच रांग. पाऊण तासाने ती परत आली, डबा ताईंच्या हातात दिला. "झालं, आत्या."

ताईंनी डबा उघडला. मी शेजारीच होते. डबा रिकामा होता. पोळीचा कण नाही, भाजीचं तेल नाही, देठसुद्धा नाही. धुऊन पुसून आणल्यासारखा लख्ख.

मिरचीचा देठ कुणी खात नाही. मला ते कळलं, म्हणजे ताईंना माझ्याआधी कळलं असणार. एकतीस वर्षं त्या डबे बघत आल्या आहेत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी झाकण लावलं, एकदा दाबलं, पुन्हा एकदा दाबलं आणि डबा पिशवीत ठेवला.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "खाल्लं सगळं."

परतीच्या बसमध्ये त्यांनी एकही थांबा दाखवला नाही.

मी घरी आले. मी बोलायला हवं होतं का? मंगळवारी वर गेले तेव्हा निळा पडदा लागला होता आणि ताई त्याच्या चुण्या सारख्या करत होत्या. बुधवारी त्या दीक्षासाठी चादर घेऊन आल्या. त्या पडद्यासमोर उभं राहून देठाची गोष्ट काढायला माझी जीभ रेटली नाही. वर्ध्याचं नाव मीच काढलेलं, आता मीच पुन्हा काढायचं म्हणजे त्यांच्या घरातली मुलगी मीच उचलून नेल्यासारखं. गुरुवारी वरून फक्त टीव्हीचा आवाज आला. ताई टीव्ही एकट्या असल्यावरच लावतात, आणि त्या दिवशी तर घरात दोघी होत्या.

शुक्रवारी सकाळी अंकुश कागदपत्रं घेऊन आला. प्रवेश नक्की करायला निघायचं होतं. दहाच्या सुमाराला ताईंनी मला हाक मारली, झेरॉक्स काढलेल्या कागदांवरच्या सह्या तपासायला. मी गेले तर ताई ओट्याशी उभ्या, डबा हातात, तोच, रिकामा.

"दीक्षा, इकडे ये वं."

ती आली.

"सोमवारी या डब्यात मिरची होती."

"हो, आत्या."

"देठ कुठे गेला?"

दीक्षाने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खाल्ला."

"देठ?"

"हो."

"बकरी आहे का वं तू?"

अंकुश हसला. आमच्यातलं कुणीच हसलं नाही, मग तोही थांबला.

दीक्षाने पदराचं टोक धरावं तसं ओढणीचं टोक धरलं. "कुत्र्याले टाकलं आत्या. सायकल स्टँडमागे. मी तीन चकरा मारल्या, कुठे बसाव तेच समजलं नाही. सगळ्या कोणासोबत तरी होत्या. घास उतरतच नव्हता." आणि मग एकदम, "मिनलताईनं सांगतलं होतं, डबा रिकामा आणला का आत्या खूश होते." मिनल म्हणजे ताईंनीच त्याआधीच्या वर्षी बीकॉमला लावलेली मुलगी.

"मग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी खोली सजवून राहिल्या होत्या."

ताईंनी डबा ओट्यावर ठेवला. त्यांनी नळाची तोटी घट्ट पिळली, नळ गळत नव्हता तरी.

"अंकुश," त्या म्हणाल्या, "मले हे सोमवारीच दिसलं होतं गा. डबा उघडला तवाच. चार दिवस मी तोंड बंद ठेवलं. ते माह्यं चुकलं."

"पण बाई, एका डब्यावरून..."

"एका नाही. मी लय पाहिले." त्या खुर्चीवर बसल्या. "मी पण कुहीहून आली होती कॉलेजात. डबा भरलाच घरी न्यायची. माय म्हणे, भाजी आवडत नाही का वं पोरीले. एका वर्षात सोडलं. मग नोकरी लागली, त्या खिडकीत बसली, आणि दुसऱ्याच्या पोरींना दाखले फाडून देत राहिली." हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. अंकुशनेही ऐकलेलं नसावं.

"वर्धेले आपलं कोणी नाही जी. इथं तुमी असता..."

"मी आहेच गा. मी कुठे जाऊन राहिली?"

अंकुशने कागदपत्रं पुन्हा पिशवीत घातली. वर्ध्याच्या यादीतही दीक्षाचं नाव लागलं होतं, तिथली मुदत शनिवारपर्यंत होती. अंकुश त्या रात्री ताईंकडेच राहिला आणि शनिवारी सकाळी आम्ही चौघं एसटीने निघालो. माझं माहेर तिथे, तेवढं निमित्त मला पुरलं. डबा ताईंनीच केला. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, एक मिरची.

वर्ध्याच्या कॉलेजला गेटवर टपरी नाही, एक पार आहे. आम्ही त्यावर बसलो. दीक्षा आत गेली. पाऊण तास झाला, तास झाला. अंकुश दोनदा उठून आत डोकावून आला. "कुठे गेली ही पोट्टी?" सव्वा तासाने ती आली ती जवळजवळ पळतच, आणि बोलत बोलतच.

"आत्या, मी पायरीवर बसली होती, तर तिथले प्रयोगशाळेतले नत्थूजी आहेत, ते म्हणे, काहून बसली वं उन्हात, आत येऊन बस. मग आत दोन पोरी डबा खाऊन राहिल्या होत्या. त्यायनं मले तुडतुड्याची स्लाइड दाखवली! मी काढलेला पाय चुकलेला आहे आत्या, त्याले काटे राहतात, मले दिसलेच नव्हते कधी..."

"चुकलेला आहे?" अंकुश म्हणाला.

"पूर्ण चुकलेला!" आणि ती खळखळून हसली.

ताई डबा उघडत होत्या. अर्धी पोळी उरली होती. भाजीच्या जागी कुणाच्या तरी आंब्याच्या लोणच्याचा लाल ओघळ. कोपऱ्यात देठ होते. एक नाही, दोन.

"मी तर एकच मिरची टाकली होती," ताई म्हणाल्या.

"एक त्या पोरीची. तिनं आपला देठ माह्याच डब्यात टाकला."

ताईंनी झाकण लावलं. या वेळी एकदाच दाबलं. "जा गा अंकुश," त्या म्हणाल्या, "खिडकी दोनला बंद होते."

प्रवेश झाला, होस्टेलची खाट मिळाली. पुढच्या आठवड्यात दीक्षा सामान घेऊन वर्ध्याला गेली. नवी चादर ताईंनी तिला दिली. टेबल नेण्यासारखं नव्हतं, ते राहिलं.

मग नेहमीसारखं झालं. जिन्यातल्या चपला कमी होत गेल्या. पास झालेल्या, नंबर लागलेल्या मुलींचे "ॲडमिशन झाली मॅडम" असे मेसेज ताईंच्या फोनवर येऊन थांबले, त्याखाली पुढे काही आलं नाही. ताईंना त्याचं नवल वाटत नाही. "आठवण काढाले वेळ भेटला तर समजायचं, काहीतरी बिघडलं," म्हणतात. मागच्या खोलीचं दार त्या बंद ठेवू लागल्या. धूळ येते, एवढंच कारण.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बेसनाच्या पातोड्या रश्शात केल्या होत्या. गरम होत्या तोवर वाटीभर घेऊन वर गेले. दीड वाजत आला होता. ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेल्या, पुढ्यात डबा, आणि कानाला फोन.

"हो वं... हो... बरं, बरं... जेवली का? ...बरं, ठेव मग."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"दीक्षा होती. प्रॅक्टिकल आहे म्हणे. पोरी बोलावून राहिल्या होत्या मागून, तिले बोलूच देत नव्हत्या." त्या हसल्या. "चांगलं झालं."

मी वाटी ठेवली.

"बस ना वं," त्या म्हणाल्या. "मी आताच बसून राहिली जेवाले. बस दोन मिनिटं."

खाली गॅसवाला येऊन उभा होता, सासूबाई जिन्यातून हाका मारत होत्या. मी म्हटलं, "येते ताई, संध्याकाळी निवांत येते," आणि उतरले.

संध्याकाळी पाच वाजता वाटी न्यायला गेले. पातोड्या तशाच, वर तेलाचा तवंग धरलेला. शेजारी डबा होता, दुपारी होता तिथेच, झाकण लावलेलं.

मी डब्याकडे पाहिलं हे ताईंनी पाहिलं.

"खाईन वं," त्या म्हणाल्या.